मडके, चित्रफीत आणि साक्ष

पनवेल हे वाटेवरचे गाव. मुंबईहून घाट चढायचा तर पनवेल, कोकणात उतरायचे तरी पनवेल. पळस्पे फाट्यावर एक रस्ता पुण्याकडे जातो आणि दुसरा महाडकडे. या दुसऱ्या रस्त्याला आपल्या इतिहासात जे स्थान आहे ते या पानांच्या वाचकांना सांगायला नको. त्याच वाटेवरची एक आठवण पनवेलची माणसे आजवर सांगत आली आहेत. बाबासाहेब प्रवासात येथे थांबले. तहान लागली होती. पाणी मागितले, मिळाले नाही. ही गोष्ट सोनबा येलवे नावाच्या एका कष्टकरी माणसाला कळली. तो धावत गेला, मडके भरून घेऊन आला. तोवर गाडी निघून गेली होती. मग सोनबा रोज मडके भरून त्या वाटेवर बसू लागला. आज ना उद्या साहेब याच रस्त्याने परत येतील आणि त्यांना पाणी मिळाले नाही असे पुन्हा होता कामा नये, एवढाच त्याचा हिशेब.

सांगणारे वेगवेगळे सांगतात. कोणी म्हणतो तो काही वर्षे बसला, कोणी म्हणतो मरेपर्यंत. कोणी पाणी नाकारणाऱ्याचा धंदा सांगतो, कोणी त्याची जात सांगतो. ही आठवण मी वर्गात सांगितली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, याचा पुरावा काय?" प्रश्न उर्मटपणाचा नव्हता. त्याच्या हातात मोबाईल होता. जे घडते ते टिपले जाते आणि जे टिपले गेले नाही ते घडलेच नाही, अशा काळात तो वाढला आहे. त्याला मी त्या दिवशी जे उत्तर दिले ते अपुरे होते. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उरलेला भाग.

सोनबाचा फोटो मी कधी पाहिलेला नाही. १९२७ च्या २० मार्चला चवदार तळ्याकडे चालत गेलेल्या हजारो पावलांची चालती फिल्मही आपल्याजवळ नाही. असणार कशी? कॅमेरा ही त्या काळी संस्थानिकांची, साहेबांची आणि स्टुडिओवाल्यांची वस्तू होती. १९१३ साली फाळक्यांनी चित्रपट आणला आणि पडद्यावर प्रथम कोण आले, तर राजा हरिश्चंद्र. ज्यांच्या जगण्याला पोथीत जागा नव्हती त्यांना फिल्ममध्येही जागा नव्हती. पोथी आणि फिल्म दोन्हींची मालकी एकाच थराकडे होती.

पण म्हणून आपण नोंद ठेवली नाही, हा समज खोटा आहे. १९२० च्या ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाला, १९२७ च्या ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'. या पत्रांचे अग्रलेख आपण वारंवार उद्धृत करतो. गावोगावहून आलेला मजकूर मात्र आपण भराभर उलटून जातो. अमुक गावी विहिरीवर मारहाण झाली, तमुक गावी मेलेले ढोर ओढायला नकार दिला म्हणून बहिष्कार पडला. हे कळवणारे कोण होते? कोणी शाळामास्तर, कोणी पलटणीतून परतलेला शिपाई, कोणी गिरणीतला कामगार. ज्यांना अक्षर येत होते त्यांनी ते ज्यांना येत नव्हते त्यांच्यासाठी वापरले. आज ज्याला लोकांकडून गोळा केलेले चित्रण म्हणतात त्याचे मूळ मला या पत्रव्यवहारात दिसते. बाबासाहेबांनी स्वतःच्या अनुभवांवर लिहिले तेव्हाही ते स्वतःपाशी थांबले नाहीत. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १९२९ च्या डिसेंबरात 'यंग इंडिया'त छापून आले होते. डॉक्टरने बाळंतिणीला हात लावायला नकार दिल्याची ती हकिगत बाबासाहेबांनी आपल्या आठवणींशेजारी मांडली. एकाचे दुःख हा अपघात ठरवता येतो. दहा गावांतून दहा कागद आले म्हणजे ती व्यवस्था ठरते. बाबासाहेब हे जाणून होते.

कॅमेरा आपल्या हाती आला तो शोकाच्या दिवशी. १९५६ च्या ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघालेली ती अंत्ययात्रा आज आपण हलत्या चित्रांत पाहू शकतो, त्याचे मोठे श्रेय नामदेव व्हटकर या माणसाचे आहे. व्हटकर लेखक होते, चित्रपटाच्या धंद्यात धडपडत होते आणि जातीने अस्पृश्य होते. फिल्म महाग, कॅमेरा भाड्याचा, माणसे रोजावर. पदरचे घालून त्यांनी ते चित्रण केले. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर ही दृश्ये पाहणाऱ्या किती जणांना व्हटकरांचे नाव माहीत असते? मी हा प्रश्न दरवर्षी वर्गात विचारतो. हात फारसे वर होत नाहीत. ज्याने पाहिले त्याला विसरून जे पाहिले तेवढे जपायचे, ही आपलीही एक वाईट सवय आहे.

पुढची तीस-चाळीस वर्षे घाईने ओलांडतो. पनवेल-उरणच्या पट्ट्यात १९७० साली सिडको आली, जमिनी गेल्या, आणि १९८४ च्या १६ व १७ जानेवारीला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर जासई परिसरात गोळीबार झाला. पाच जण हुतात्मे झाले. त्या दोन दिवसांच्या आठवणी या भागातल्या घराघरांत आहेत. चित्रे त्या मानाने थोडी. ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, जे दुसऱ्याच्या खाजणात आणि मिठागरात राबत होते, त्यांच्या आठवणी तर कागदावरसुद्धा कमीच उतरल्या.

मग १९९७ चा ११ जुलै. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. दहा माणसे मेली. सरकारी बाजूने सांगण्यात आले की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार अपरिहार्य होता. आणि जळत्या वाहनाची चित्रफीतही पुढे करण्यात आली. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा क्षण महत्त्वाचा आहे. कॅमेरा तेथे होता. चित्र होते. पण ते केव्हाचे, कोठून घेतलेले आणि गोळीबाराच्या आधीचे की नंतरचे, हे चित्र स्वतः सांगत नाही. वस्तीतल्या माणसांकडे होती ती जबानी: मी दारात उभा होतो, माझा मुलगा दुधाला गेला होता, टँकर इथे नव्हता, तिकडे लांब होता. चित्र विरुद्ध जबानी असा सामना झाला की मध्यमवर्गीय मन चित्रावर विश्वास ठेवते. गुंडेवार आयोग बसला, खटला चालला, आणि २००९ साली गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. बारा वर्षांनी. गोळीबारानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली होती. त्यांना ओळखणारे आनंद पटवर्धन तेव्हापासून चित्रण करीत राहिले आणि 'जय भीम कॉम्रेड' २०११ साली पुरा झाला. चौदा वर्षे! एका माणसाने चौदा वर्षे कॅमेरा खाली ठेवला नाही तेव्हा त्या चित्रफितीला तोलाचे उत्तर तयार झाले.

आपल्या पँथरने १९७२ साली ज्यांच्यावरून नाव घेतले त्या अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचा अनुभवही काही वेगळा नाही. १९९१ च्या ३ मार्चला लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी झोडपले. शेजारच्या गच्चीतून जॉर्ज हॉलिडे नावाच्या रहिवाशाने ते हातातल्या कॅमेऱ्यावर टिपले. जगाने पाहिले. सगळ्यांना वाटले, आता काय उरले? पण खटल्यात पोलिसांच्या वकिलांनी तीच चित्रफीत एकेक चौकट थांबवून ज्यूरीला दाखवली. प्रत्येक ठोका सुटा केला, प्रत्येक हालचालीला भीतीचा अर्थ लावला, आणि १९९२ च्या एप्रिलात राज्याच्या न्यायालयात एकाही आरोपीला शिक्षा झाली नाही. शहर पेटले. पुढे १९९३ साली केंद्रीय खटल्यात दोघे दोषी ठरले. २०२० च्या २५ मे रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉईड मारला गेला तेव्हा पोलिसांचे पहिले निवेदन असे होते की कारवाईदरम्यान एका संशयिताची प्रकृती बिघडली. डार्नेला फ्रेझिअर ही सतरा वर्षांची मुलगी हातातला फोन खाली न करता उभी राहिली नसती तर तेवढेच वाक्य इतिहासात उरले असते.

आपल्याकडे फोन वस्तीत पोचला तो साधारण याच दशकात. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर तर डेटा पाण्यापेक्षा स्वस्त झाला. (आमच्या भागातल्या टँकरचे दर पाहता हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही.) पण त्याच वर्षीच्या ११ जुलैला, म्हणजे रमाबाई नगरनंतर तारखेने बरोबर एकोणीस वर्षांनी, गुजरातेत उनाची घटना घडली. मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या मोटा समढियाळाच्या दलितांना गोरक्षकांनी गाडीला बांधून मारले. त्याचे चित्रण मारणाऱ्यांच्याच बाजूने झाले आणि तेच त्यांनी अभिमानाने पसरवले! ज्याला गुन्ह्याचा पुरावा म्हणायचे ती त्यांच्या लेखी शौर्याची निशाणी होती. यंत्र आपोआप दुबळ्याच्या बाजूचे होत नाही हे यापेक्षा उघडपणे कसे दिसावे? त्या चित्रफितीचा अर्थ फिरवला तो माणसांनी. ऑगस्टमध्ये अहमदाबादहून उनापर्यंत लोक चालत गेले, मेलेली ढोरे उचलणार नाही अशी शपथ घेतली गेली. ती पदयात्रा नसती तर ती फीत मारणाऱ्यांच्याच मालकीची राहिली असती.

आता जगभर एक नवा प्रकार रूढ झाला आहे. ठिकठिकाणच्या सामान्य माणसांनी आपापल्या फोनवर वा कॅमेऱ्यावर काढलेले तुकडे मागवायचे आणि त्यांतून एक चित्रपट जुळवायचा. २०१० च्या २४ जुलै या एकाच दिवसाचे चित्रण युट्यूबने जगाकडून मागितले. १९२ देशांतून ८० हजार तुकडे आले, एकूण सुमारे ४,५०० तास. केव्हिन मॅकडोनाल्ड यांनी त्यातून 'लाईफ इन अ डे' केला. लांबी साधारण दीड तास. २०२० च्या जुलैत हाच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा तीन लाखांहून अधिक तुकडे आले. आपल्या देशाचा असाच एक दिवस, २०१५ चा १० ऑक्टोबर, रिची मेहता यांनी 'इंडिया इन अ डे' मध्ये बांधला, पाठीशी गुगल. या प्रयत्नांना मी कमी लेखत नाही. ज्याने आयुष्यात स्टुडिओचे दार पाहिले नाही त्याचे काम पडद्यावर येणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पहिल्या प्रयोगात तर ज्या देशांत कॅमेरे नव्हते तेथे कॅमेरे पाठवण्याची तसदीही घेतली गेली.

पण साधे गणित करा. ४,५०० तासांतून दीड तास. म्हणजे जवळजवळ ३,००० मिनिटांतले एक मिनिट उरले, बाकीचे गेले. काढले लोकांनी, ठेवायचे काय हे ठरवले संकलनाच्या टेबलाने. आणि त्याही आधी, काढायचे काय हे सुचवले प्रश्नांनी. पहिल्या चित्रपटासाठी लोकांना प्रश्न दिले होते: तुम्हाला सर्वांत प्रिय काय? भीती कशाची वाटते? तुमच्या खिशात काय आहे? प्रश्न सुंदर आहेत. सर्व माणसे एक, असे वाटायला लावणारे आहेत. मात्र 'तुमच्या घरी पाणी कोणत्या विहिरीवरून येते आणि कोणत्या विहिरीवरून येत नाही' हा प्रश्न त्यांत नव्हता. तो विचारल्याशिवाय भारतातल्या कोणत्याही दिवसाचे चित्र पुरे कसे होणार? जो प्रश्न विचारतो त्याच्या हाती अर्धे संकलन आधीच झालेले असते.

म्हणूनच दुसऱ्या जातीचे प्रयोग मला मोलाचे वाटतात. गोव्यातून काम करणारी 'व्हिडिओ व्हॉलंटियर्स' ही संस्था २००३ पासून खेड्यापाड्यांतल्या, बहुतेक दलित, आदिवासी आणि स्त्रिया अशा वार्ताहरांना चित्रण शिकवते. २०१२ साली तिने घटनेच्या १७ व्या कलमाचेच नाव घेऊन मोहीम काढली आणि अस्पृश्यता आजही कशी पाळली जाते याच्या चित्रफिती वेगवेगळ्या राज्यांतून गोळा केल्या. तिच्या संस्थापकांपैकी स्टॅलिन के. यांनी २००७ साली 'इंडिया अनटच्ड' केला होता. तेथे एक शिस्त आहे ती मला फार आवडते: चित्रफितीच्या शेवटी, हा प्रश्न कोणत्या अधिकाऱ्याच्या हातात आहे ते सांगायचे, आणि काम झाले तर पुन्हा जाऊन तेही टिपायचे. बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया'च्या बायका २००२ पासून कागदावर लिहीत होत्या, पुढे त्यांनी फोन हाती घेतला. हैदराबादेत २०११ साली 'दलित कॅमेरा' सुरू झाला. 'बहिष्कृत भारत'च्या पत्रव्यवहाराचे वारस शोधायचे तर मी येथे शोधेन.

कार्यकर्त्यांसाठी थोडे रुक्ष बोलणे भाग आहे. आमच्या तालुक्यातल्या एका गावी जयंतीची मिरवणूक अडवली गेली. एका पोराने चार मिनिटांचे चित्रण केले, व्हॉट्सॲपवर टाकले, ते शेकडो फोनांवर फिरले. तक्रार झाली. प्रकरण उभे राहीपर्यंत पोराने तो फोन दुकानात देऊन नवा घेतला होता. हाती उरली ती फिरून फिरून आखूड झालेली, कोणी वर गाणे चढवलेली प्रत. त्या प्रतीतून काढलेल्याची तारीख, वेळ, सारे गेले होते. आम्ही सगळे तेथे होतो आणि आमच्यापैकी एकालाही 'फोन जपून ठेव' हे सांगायचे सुचले नव्हते.

कायदा काय सांगतो? गंमत अशी की यावरचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच भांडणातून आला. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रणावर येऊन ठेपला. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की अशा चित्रणाची प्रत पुराव्यात आणायची तर पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाचे प्रमाणपत्र हवेच. मात्र ज्या यंत्रावर ते मुळात नोंदले गेले तेच यंत्र त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि त्याच्या ६३ व्या कलमात प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे. तेव्हा मूळ फोन हाच आपला साक्षीदार. विकू नये, पुसू नये. ज्याने काढले त्याचे नाव, जागा, वेळ त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावी. आणखी एक: अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून जे १५-अ कलम आले त्याच्या दहाव्या उपकलमानुसार या कायद्याखालच्या कामकाजाचे ध्वनिचित्रमुद्रण व्हायला हवे. आपल्यापैकी किती जण न्यायालयात तशी मागणी करतात?

यंत्रावर आंधळी श्रद्धाही नको. याच पनवेल तालुक्यात तळोज्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. भीमा कोरेगाव प्रकरणातले आनंद तेलतुंबडे तेथे होते, स्टॅन स्वामी तेथे होते. त्या खटल्याचा मोठा भार संगणकातल्या फायलींवर आहे. आरोपींपैकी रोना विल्सन यांच्या संगणकात त्या बाहेरून घुसवल्या गेल्या, असा निष्कर्ष अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी संस्थेने २०२१ साली दिला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. निकाल काय लागायचा तो लागो. आकड्यांत साठवलेली वस्तू घडवताही येते, पेरताही येते, हे आता सर्वांना कळले आहे. आणि महापालिकेच्या हद्दीतल्या खारघरच्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ रोजी पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा माणसे गेली, तेव्हा एकाच दुपारची दोन चित्रे आपण पाहिली: वरून घेतलेला अथांग जनसागर, आणि खाली उन्हात पाण्यासाठी तळमळणारी माणसे. पहिले चित्रही खोटे नव्हते. ते फार उंचावरून घेतले होते.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येतो. सोनबाचा पुरावा काय? मी त्याला सांगितले, तूच जा आणि जे सांगतात त्यांचे सांगणे टिपून आण. जुळवू नकोस. तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितले तर तीन ठेव. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या गोष्टीने दुरुस्त करू नकोस. एवढे वर्षानुवर्षे लोकांनी हे का सांगत राहावे, हाही इतिहासच आहे. चार मुले मिळून गेली. आतापर्यंत अकरा जणांचे बोलणे जमले आहे. त्यांत सोनबाचे मडके कधी मातीचे आहे, कधी तांब्याचे. पाणी मात्र प्रत्येक वेळी ताजे भरलेले आहे.

एका वस्तीत एक म्हातारी बाई बोलायला तयार होईना. मुलगा फोन धरून उभा. ती म्हणाली, "माझं तोंड काय काढतोस बाळा? त्या नळाचं काढ. दोन दिसांनी येतो, तेबी रात्री." मुलाने फोन नळाकडे वळवला. ते चित्रण सव्वा मिनिटाचे आहे. त्यात नळ कोरडा आहे आणि खाली एकामागे एक हंडे मांडलेले आहेत. तारीख आणि वेळ लिहून आम्ही ते बाकीच्या अकरांबरोबर ठेवले आहे.